बाटलीवर शेताचं नाव, मग कॅरेटवर का नाही?

पुण्यात कुणी 'गाव कुठलं?' विचारलं आणि मी 'तळेगाव' म्हणाले, की समोरचा लगेच खूश होतो. 'अरे, दाभाडे ना? जवळच आहे की!' नाही हो, दाभाडे नाही. अमरावतीकडचा कुणी असला तर त्याला तळेगाव दशासर वाटतं. तेही नाही. आमचं तळेगाव कंसातलं आहे. तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा. नागपूर-अमरावती हायवेवरचं, संत्र्याच्या पट्ट्यातलं. कागदपत्रांवर सगळीकडे कंसासकट. फर्स्ट इयरला ऑनलाइन फॉर्म भरताना तो कंस बसायचा नाही आणि मला भयंकर वैताग यायचा. आता येत नाही. का, ते सांगायला तुम्हाला आधी नाशिकला न्यावं लागेल.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या मासकॉमच्या बॅचची अभ्याससहल तिकडे गेली होती. वर्तमानपत्राची छपाई बघणं हा अधिकृत कार्यक्रम आणि दुसऱ्या दिवशी वायनरी हा सगळ्यांच्या मनातला. तुमच्याही फीडवर असले फोटो येऊन गेले असतील. मागे द्राक्षाच्या रांगा, हातात ग्लास, चेहऱ्यावर आपण फ्रान्समध्ये असल्याचा भाव. बसमध्ये माझी यथेच्छ चेष्टा झाली, कारण वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. गांधीजींचं सेवाग्राम इथलं, म्हणून सत्तरच्या दशकापासून इथे बंदी आहे. महाराष्ट्राच्या नियमानुसार वाइनला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि मी आता २२ ची. म्हणजे नाशिकात मी सज्ञान नागरिक आणि घरी गेले की आरोपी! (बंदी कितपत पाळली जाते ते मला विचारू नका. वर्धा नदीचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा लागतो आणि तिथे बंदी नाही. बाकी तुम्ही हुशार आहात.)

गाईडने आम्हाला टाक्यांपाशी नेलं. लाल वाइनचा रंग रसातून येत नाही, सालीतून येतो, हे मला तिथे कळलं. काळी द्राक्षं चिरडली की रस, साल, बिया सगळं एकत्रच टाकीत जातं. पांढऱ्या वाइनसाठी मात्र आधी रस दाबून वेगळा काढतात. मग यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. एक टक्का अल्कोहोलला लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर लागते, म्हणून तोडणी जवळ आली की बागेत पुन्हा पुन्हा गोडी मोजतात. वायूमुळे साली वर येतात आणि त्यांचा जाड थर तरंगतो. जुन्या पद्धतीत तो थर दिवसातून दोन-तीनदा दांड्याने, हाताने खाली दाबतात. आजी लोणच्याची बरणी हलवते ना, अगदी तसं. मी टाकीवर वाकून वास घेतला तर तो ओळखीचा निघाला. दारूचा नाही. फळगळ झाल्यावर बांधाला टाकलेल्या संत्र्यांच्या ढिगाला चार दिवसांनी जो वास सुटतो, तो.

पण मला खरा धक्का शेवटच्या टेबलावर बसला. तिथे दोन बाटल्या ठेवल्या होत्या. द्राक्षाची जात एक, वर्ष एक, वायनरी एक. किंमत मात्र एकीची दुसरीच्या जवळपास दुप्पट. मी विचारलं, 'यात वेगळं काय?' गाईड म्हणाला, 'ही पहिली वेगवेगळ्या शेतांतल्या द्राक्षांची. आणि ही फक्त त्या समोरच्या तुकड्यातली.' त्याने खिडकीतून बोट दाखवलं. एक उतार, थोडी मुरमाड जमीन, वेलींच्या काही रांगा. बस्स.

यालाच 'सिंगल व्हिनयार्ड' म्हणतात. एकाच बागेतली द्राक्षं, दुसरीकडची भेसळ नाही, आणि त्या बागेचं नाव बाटलीवर. यात युरोप फार पुढे गेलाय. फ्रान्समधल्या बर्गंडीत जमिनीच्या लहान लहान तुकड्यांना शेकडो वर्षांपासून स्वतःची नावं आहेत, आणि २०१५ मध्ये युनेस्कोने ते तुकडे जागतिक वारसा यादीत घेतले. तिथल्याच एका बागेचं नाव रोमाने-कोन्ती. जगातल्या सर्वांत महाग वाइन्सपैकी एक तिथे होते. वर्षाला जेमतेम पाच-सहा हजार बाटल्या निघतात आणि एकेका बाटलीची किंमत आपल्या रुपयांत लाखांत जाते. आता त्या बागेचं क्षेत्रफळ ऐका. १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकर. आपल्याकडे सातबारा असता तर तलाठ्याने त्या मालकाला अल्पभूधारक म्हटलं असतं! आणि माती दबू नये म्हणून तिथे ट्रॅक्टरऐवजी घोडा नांगराला जुंपतात. आपण बैल विकून मोकळे झालो आणि ते घोड्याकडे परत गेले.

महाराष्ट्रातही याच्या जवळ जाणारे प्रयत्न आहेत. निफाड तालुक्यात कुंदेवाडीला रेव्हेलो आहे, अकलूजजवळ फ्रातेली आहे. या वायनऱ्या स्वतःच्या बागांतल्या द्राक्षांवर भर देतात. फ्रातेली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील, अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ती काढली. नाव कुणाचं लावायचं यावरून तिथे किती वाद झाले असतील, असा एक आगाऊ विचार मनात येऊन गेलाच.

त्या रात्री मी घरी फोन केला. आमची संत्र्याची बाग चार एकर. बाबांना पहिल्यांदा एवढंच कळलं की अंगुराची बाग पाह्याले लोक तिकीट काढून जातात. ते हसतच सुटले. मग मी त्यांना त्या फ्रान्सच्या बागेचं सांगितलं.

'किती एकराचा मालक हाय तो?'

'साडेचार.'

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, 'मंग माह्या सातबाऱ्यात काय कमी हाय?'

वाचकहो, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे त्या रात्री नव्हतं. नंतर मी ते शोधत राहिले आणि हा लेख त्यातूनच निघालाय.

तुमच्यापैकी जे संत्रापट्ट्यातले नाहीत त्यांना आधी सांगते की आमच्याकडे फळ विकलं कसं जातं. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो. पावसाळ्यात फळ लिंबाएवढं, थोडं मोठं झालं की व्यापारी येतो. बागेत एक चक्कर मारतो आणि झाडांकडे बघून आकडा सांगतो. उक्ता सौदा. बयाणा हातात देतो. त्यानंतर फळ झाडावर आहे, पण आपलं नाही. मधे फळगळ झाली, भाव पडला, बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं की तोच माणूस परत येतो आणि ठरलेला आकडा खाली आणतो. तोडणीच्या दिवशी त्याचे मजूर येतात, त्याची गाडी येते. कॅरेट भरले की संत्रा 'नागपुरी' होतो. दिल्लीला उतरल्यावर तो कुठल्या गावचा, कुठल्या बागेतला, कुणी वाढवलेला, हे देवालाही सांगता यायचं नाही.

पण गावात मात्र सगळ्यांना माहीत असतं! कुणाच्या बागेतलं फळ गोड, कुणाचं पाणचट, कुणाची साल सैल, हे आमच्या चौकात कुणीही सांगेल. काळ्या भारी जमिनीत पाणी धरून राहतं आणि झाडाला डिंक्या लागतो. पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत झाड टिकतं. हे फ्रेंच लोक सांगतात तेव्हा आपण त्याला मोठं नाव देतो आणि माझे काका सांगतात तेव्हा ते 'गावठी गप्पा' ठरतं.

ताण देण्याचंही तसंच. वायनरीच्या गाईडने मोठं रहस्य सांगावं तशा आवाजात सांगितलं की वेलीला भरपूर पाणी दिलं तर वाइन पातळ होते, तिला थोडं तहानलेलं ठेवावं लागतं. घड कमी ठेवायचे म्हणजे राहिलेल्यांत चव उतरते. अहो, आमच्याकडे बहार धरायचा म्हणजे आधी ताणच द्यायचा असतो! पाणी तोडायचं, झाडाने पानं गाळायला सुरुवात केली की मग पाणी सोडायचं, की फुलोरा येतो. तहानेचं हे शास्त्र दोन्हीकडचे शेतकरी जाणतात. फरक एवढाच की नाशकातला माणूस ते पाहुण्यांना तिकीट लावून सांगतो आणि आम्ही सांगतच नाही.

'शाश्वत शेती' हा शब्द आपण सेमिनारमध्ये फार ऐकतो. त्या बागेत तो मला जरा खरा वाटला, आणि त्याचं कारण साधं होतं. ज्याची वाइन एकाच तुकड्यातून येते, त्याला तो तुकडा खराब करून चालत नाही. माती मेली तर तो उद्या दुसऱ्या गावातून माल आणू शकत नाही, कारण बाटलीवर याच शेताचं नाव आहे. म्हणून रांगांमध्ये गवत राखायचं, रस काढून उरलेला चोथा खत करून परत बागेत टाकायचा, पाणी थेंबाने मोजायचं. आमच्याकडे उलटं आहे. फळ निनावी विकलं जातं, म्हणून फक्त वजनाला आणि आकाराला किंमत. मग बोअर आणखी खोल, फवारणी आणखी एक. शेजारच्या वरुड-मोर्शीत भूजलाचा अतिउपसा होऊन तालुके 'डार्क झोन'मध्ये गेले, ते कुणी हौसेने नाही केलं. निनावी मालाची शर्यत तशीच असते.

आता कुणी म्हणेल, ही पोरगी वायनरीत जाऊन भारावून आली. थोडी आलेच. पण दुसरी बाजूही तिथेच ऐकली. सगळी वाइन काही स्वतःच्या बागेतून होत नाही. मोठा भाग कराराने द्राक्ष घालणाऱ्या शेतकऱ्यांकडून येतो आणि त्यांचं नाव कुठल्याच बाटलीवर नसतं. २००९-१० च्या सुमारास मागणी बसली, माल पडून राहिला आणि नाशिक भागात अनेकांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा उपटून टाकल्या. ही द्राक्षं लहान, जाड सालीची, बियांची. खाण्याच्या बाजारात त्यांना कोण विचारणार? टेबलावरच्या त्या सुंदर बाटलीमागे असाही एक शेतकरी असतो. तेव्हा नाव लावण्याचा फायदा कुणाला होतो, तर ज्याच्याकडे बागही आहे आणि बाटलीही, त्याला. नुसती बाग असणारा तिथेही आमच्यासारखाच.

आणि हो, 'मग तुम्ही संत्र्याची वाइन करा ना!' हा सल्ला मला बसमध्येच किमान चार जणांनी दिला. नागपुरी संत्र्याची गोडी दहा-अकरा ब्रिक्सच्या आसपास. वाइनच्या द्राक्षांच्या जवळपास निम्मी, म्हणजे वरून साखर घालावी लागणार. त्यात या संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांनी कडवट होतो. लिमोनिन नावाचं द्रव्य त्याला कारणीभूत आहे आणि ज्यूसवाले अनेक वर्षं त्याच्याशी झगडतायत. पण तांत्रिक अडचणी बाजूला ठेवल्या तरी मला ते नकोच आहे. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हाचा गोंधळ आठवत असेल. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, टीव्हीवर 'वाइन ही दारू आहे की नाही' यावर तासन्‌तास चर्चा झाल्या. बारा-तेरा टक्के अल्कोहोल असलेली गोष्ट दारूच आहे, यात चर्चा कसली? त्या निर्णयातही दारूबंदीचे जिल्हे वगळलेलेच होते आणि पुढे तो प्रत्यक्षात आलाच नाही. आमच्या गावात बंदी असूनही दारूने बसलेली घरं मी पाहिली आहेत. ती उठवा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शेतकऱ्याचं भलं होईल हे कारण देऊन तर नाहीच.

मला त्या बाटलीतली वाइन नको आहे. मला तिच्यावरचं लेबल हवं आहे.

आणि हे वर्ध्याला नवीन नाही, ही गोष्ट शोधता शोधता सापडली तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत एकटीच ओरडले. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला तो वर्ध्यात, मगनवाडीला. त्याचं काम बघायचे जे. सी. कुमारप्पा, परदेशात शिकून आलेले अकाउंटंट. त्यांच्यासमोर ताडाची झाडं होती. ताडाचा ताजा रस म्हणजे नीरा, गोड. तोच उन्हात राहिला की आपोआप आंबतो आणि ताडी होते. नाशिकच्या टाकीत जे यीस्ट काम करतं तेच काम इथे हवेतलं यीस्ट फुकटात करतं. ग्रामोद्योगवाल्यांनी काय केलं, तर नीरा आंबायच्या आत उकळून तिचा गूळ करायला शिकवलं. झाड तेच, माणूस तोच, उत्पन्न राहिलं आणि दारू गेली. पुढे चाळीसच्या दशकात तुरुंगात असताना कुमारप्पांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेवर 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिलं. म्हणजे सस्टेनेबिलिटीवर आपण जे असाइनमेंट करतो, त्याचं मूळ माझ्याच जिल्ह्यात बसलंय आणि आम्हाला ते शाळेत कुणी सांगितलं नाही!

दुसरं उदाहरण ताजं आहे. समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव. तिथल्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं, 'वायगाव हळद' या नावाने. एका गावाचं नाव, तेही आमच्याच वर्धा जिल्ह्यातल्या. 'नागपुरी संत्रा' या नावालाही २०१४ पासून जीआय आहे, पण ते नाव एवढं मोठं आहे की त्यात वरुडही मावतं, काटोलही आणि तळेगावही. सगळे मावतात म्हणून कुणीच दिसत नाही.

हे जमणार कसं, असं तुम्ही विचाराल. द्राक्षवाल्यांनी अर्धं काम करून दाखवलंय. युरोपला जाणाऱ्या खाण्याच्या द्राक्षांसाठी अपेडाची 'ग्रेपनेट' नावाची व्यवस्था आहे. प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक, फवारणीची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल, आणि पेटी कुठल्या प्लॉटमधली ते शोधता येतं. २०१० मध्ये रसायनाच्या अवशेषांमुळे युरोपात द्राक्षं अडकली, शेतकऱ्यांनी प्रचंड नुकसान सोसलं, आणि नोंदीची किंमत सगळ्यांना कळली. युरोपातल्या ग्राहकाला आपल्या शेताचा पत्ता मिळतो. पुण्यात फळांच्या गाडीवर उभ्या असलेल्या तुम्हाला का मिळू नये? तुम्ही कॉफी घेताना 'चिकमंगळूर, सिंगल इस्टेट' असं वाचून जास्तीचे दोनशे रुपये मोजता. मोजता ना? मग संत्रेवाल्याला एकदा विचारून बघा, 'कुठल्या गावचा?' तो 'नागपूर' म्हणेल. पुन्हा विचारा.

आणि जे माझ्यासारखे शेतकऱ्यांच्या घरातून आलेत, त्यांच्याशी जरा वेगळं बोलायचंय. माझ्या चुलतभावाने मागच्या उन्हाळ्यात वीस वर्षांची झाडं जेसीबी लावून काढली आणि सोयाबीन पेरलं. 'पोरं पुण्याला, बाग कोणासाठी ठेवू?' असं काका म्हणाले. मला राग आला, पण उत्तर देता आलं नाही, कारण त्या पोरांमध्ये मीही आहे. आपण इथे दुसऱ्यांच्या ब्रँडच्या कॅप्शन लिहायला शिकतो, रील एडिट करायला शिकतो, आणि आपल्या बापाच्या मालाला नाव नाही.

म्हणून गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही बहीणभावाने एक उद्योग केला. बाबांनी सौद्यातून पंधरा झाडं बाजूला ठेवली होती, घरी खायला आणि पाहुण्यांना. त्यांतली दहा कॅरेट आम्ही ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पुण्याला मागवली. प्रत्येकावर मी मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: तळेगाव (श्यामजी पंत). कंसासकट. खाली तोडणीची तारीख आणि जमीन कशी ते. सकाळी सहाला घ्यायला गेलो तर तीन कॅरेटांतलं तळाचं फळ दबून रस गळत होता आणि डिकीत त्याच टाकीचा वास सुटला होता. उरलेली सात कॅरेट हॉस्टेल, कॉलेजचा स्टाफ आणि मैत्रिणींच्या सोसायट्या मिळून दोन दिवसांत गेली. गाडीभाडं आणि नासाडी धरूनही व्यापाऱ्याच्या दरापेक्षा बरं सुटलं, फार नाही. एका मैत्रिणीच्या आईने मात्र जानेवारीत मेसेज केला की बाजारातून आणलेली तशी लागली नाहीत, 'ती ब्रॅकेटवाली' पुन्हा कधी येणार?

मागच्या आठवड्यात व्यापारी यंदाचा आंबिया बघून गेला. बाबांनी तीन एकरांचा बयाणा घेतला, चौथा एकर बोलीबाहेर ठेवला आहे. तो माल न दबता पुण्याला आणायचा कसा, यावरून सध्या आमच्या घरी फोनवर रोज भांडण चालू आहे. बाबांना परत येणारे प्लास्टिकचे कॅरेट हवेत आणि मला पुठ्ठ्याची लहान खोकी, कारण पुठ्ठ्यावर नाव नीट छापता येतं.